चौकट : 'उन्नैपोल ओरुवन' आणि ११ जुलै

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये अकरा मिनिटांत ७ स्फोट झाले. माटुंगा ते मीरा रोड या पट्ट्यात १८०हून अधिक प्रवासी गेले. याच मार्गावर रत्नागिरीचे कितीतरी चाकरमानी रोज उभ्याने प्रवास करतात, म्हणून ही बातमी कोकणातही घरचीच होती.

त्या संतापातून नीरज पांडे यांचा 'अ वेन्सडे' (२००८) आला. पुढच्या वर्षी चक्री तोलेटी यांनी तो तमिळमध्ये 'उन्नैपोल ओरुवन' म्हणून केला. नसीरुद्दीन शाह यांची निनावी नागरिकाची भूमिका कमल हासनने केली, तर पोलीस आयुक्त झाला मोहनलाल. नायक अतिरेक्यांची सुटका मागतो ती त्यांना संपवण्यासाठी, खटल्याची वाट न पाहता.

प्रत्यक्षातला खटला मात्र १९ वर्षे चालला. २०१५मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी ५ जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांनाच निर्दोष सोडले. नायकाचा राग खरा आहे, पण त्याने निवडलेली माणसे दोषीच होती हे पडद्यावरच ठरलेले असते.