गावच्या वाचनालयाचे ऋतुचक्र

ग्रामपंचायतीच्या कार्यालयाशेजारी एक खोली, भिंतीलगत लोखंडी कपाटे, मध्ये लांब मेज आणि दाराशी एक काळा फळा. महाराष्ट्रातील बहुतेक ग्रामीण वाचनालयांचे रूप याहून फारसे वेगळे नसते. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमान्वये राज्यात अकरा हजारांहून अधिक वाचनालयांना मान्यता मिळाली असून त्यांची वर्गवारी अ, ब, क, ड अशी केली जाते. लहान गावातील वाचनालय बहुधा ‘ड’ वर्गात मोडते. तेथे सेवक एकच असतो. ग्रंथपाल, लेखनिक आणि शिपाई ही तिन्ही कामे त्याच्याकडेच असतात.

शहरातील ग्रंथालयाचे कामकाज बारा महिने साधारणतः एकाच गतीने चालते. गावातील वाचनालय मात्र पाऊस, पीक, शाळा आणि सण यांच्या तालावर चालते. मृगाचा पाऊस पडून पेरणीला सुरुवात झाली की कथा-कादंबऱ्यांची देवघेव मंदावते. मेजावर तेवढी वर्तमानपत्रे चाळली जातात आणि त्यातही हवामानाचा अंदाज व बाजारभाव यांची पाने आधी उलगडली जातात. श्रावण लागला की ‘शिवलीलामृत’ आणि ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथ्यांची मागणी वाढते. याच दिवसांत दमट हवेने पुस्तकांना बुरशी धरते, कसर लागते. मग कडुनिंबाचा वाळलेला पाला कपाटात ठेवणे आणि उघडीप मिळताच ग्रंथांना ऊन दाखवणे, हा पावसाळ्यातील खरा कार्यक्रम होऊन बसतो. १२ ऑगस्टला डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घालून ग्रंथपाल दिन साजरा होतो. बहुधा हार घालणारा आणि टाळ्या वाजवणारा ग्रंथपालच असतो!

वाचनालयाची खरी सुगी दिवाळीत येते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाला वाचनाची जोड मिळाली. आज एकेका अंकाची किंमत काही शे रुपयांत जाते. चार-पाच अंक विकत घेणे ग्रामीण कुटुंबाला परवडत नाही. त्यामुळे वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत वेगळी वर्गणी भरून होळीपर्यंत अंक बदलून नेण्याची सोय मोलाची ठरते. एरवी वाचनालयाची पायरी न चढणाऱ्या गृहिणी या निमित्ताने सभासद होतात. अंक हातोहात फिरतात, त्यांची मुखपृष्ठे निखळतात आणि वार्षिक राशिभविष्याची पाने तर हमखास गायब होतात. त्या पानांबद्दल दंड कोणाकडून घ्यावा, हा प्रश्न कोणत्याही नियमावलीने सोडवलेला नाही.

दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे शासकीय दिनविशेषांची दाटी असते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, १४ नोव्हेंबरपासूनचा ग्रंथालय सप्ताह, जानेवारीतील मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन. ग्रंथप्रदर्शन, निबंधस्पर्धा, ग्रंथदिंडी, व्याख्यान यांची छायाचित्रे काढून अहवाल पाठवावे लागतात. यांतील ग्रंथदिंडी लोकांना मनापासून आवडते, कारण पालखी आणि टाळ-मृदंग त्यांच्या ओळखीचे असतात. दाराशी असलेल्या फळ्याला मात्र निमित्त लागत नाही. दहावीचा निकाल, लसीकरणाची तारीख, पाणी सोडण्याची वेळ, पोलीस भरतीची जाहिरात, कोणाच्या निधनाची वार्ता असे सारे काही त्यावर खडूने लिहिले जाते. मोबाइल संच घरोघरी आले तरी फळ्यापुढे थांबण्याची सवय सुटलेली नाही. भरतीची जाहिरात झळकली की स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले मेजाच्या कडेची जागा धरतात आणि कुलूप लागेपर्यंत उठत नाहीत.

या सर्व कामाला आर्थिक बळ किती? ‘ड’ वर्गाचे वार्षिक अनुदान २०१२ मध्ये ३०,००० रुपये होते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ६० टक्के वाढीने ते ४८,००० रुपये झाले. म्हणजे महिन्याला ४,००० रुपये आणि त्यातच सेवकाचे वेतन, ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रे व वीजबिल भागवायचे. या हिशेबावर भाष्याची आवश्यकता नाही.

पैशाइतकाच महत्त्वाचा, परंतु क्वचितच चर्चिला जाणारा प्रश्न नियमांचा आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावी राहतात. अनेक मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. वाचनालयात सप्ताह आणि पंधरवडे साजरे होत असतात, नेमके तेव्हाच हे बालवाचक गावात नसतात. पुस्तक मात्र ठरावीक दिवसांच्या मुदतीत परत करायचे असते आणि अनामत आधी भरायची असते. सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या मुलाने हा नियम पाळायचा कसा?

पीक कर्जाची परतफेड पीक हाती येण्याच्या काळाशी जोडलेली असते, ही गोष्ट बँकेच्या प्रत्येक शेतकरी ग्राहकाला ठाऊक आहे. पुस्तकाच्या मुदतीलाही हंगामाचे भान असावे, अशी अपेक्षा वावगी नाही. दसऱ्यापूर्वी अशा मुलाच्या नावावर आठ-दहा पुस्तके अनामतीविना नोंदवून पाडव्यापर्यंतची मुदत द्यायला एक ठराव पुरेसा आहे. काही पुस्तके उसाच्या पाचटात हरवतील, काही चिखलाने माखून येतील. जीर्ण आणि गहाळ ग्रंथ बाद करण्याची तरतूद दप्तरात असतेच. तिचा याहून चांगला विनियोग क्वचितच होत असेल. कपाटात कोरी राहून कसरीने खाल्लेली पुस्तके शेवटी त्याच नोंदवहीत जातात. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० च्या सुमारास ग्रंथालय खाते उभारले, तेव्हा ग्रंथांच्या लाकडी पेट्या गावोगाव धाडण्यात येत. पेटी एका गावाहून दुसऱ्या गावाला जाऊ शकत होती, तर ती टोळीबरोबर फडावरही जाऊ शकेल.

मार्चअखेर बँकेप्रमाणे वाचनालयातही हिशेबाची धांदल उडते. अनुदानाचा हप्ता खात्यावर जमा झाला का, हे पाहण्यासाठी ग्रंथपाल पासबुक घेऊन शाखेत येतो, थकीत बिलांचे धनादेश लिहितो, ग्रंथांची मोजदाद करतो. तोवर गावात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर परतू लागलेले असतात. फळ्यावर उन्हाळी सुट्टीतील बालवाचकांच्या सभासद नोंदणीची तारीख लिहिलेली असते.