गोंदण पुसणारा प्रकाश

आजीच्या हातावरचे गोंदण इतकी वर्षे टिकते कसे? कातडीचा वरचा थर तर महिना-दीड महिन्यात नवा होतो. पण गोंदणाची शाई त्याच्या खालच्या थरात टोचलेली असते. तेथील भक्षक पेशी हे परके कण गिळतात. मात्र त्यांना ते पचवता येत नाहीत. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ साली उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की अशी पेशी मेली म्हणजे तिच्यातून सुटलेले कण नव्या पेशी गिळतात. शाई जागच्या जागी राहते, राखणदार तेवढे बदलतात!

तेव्हा शाई काढायची, तर कण फोडले पाहिजेत. पहिला लेसर १९६० साली थिओडोर मैमन यांनी माणकापासून बनवला आणि त्याच दशकात लिऑन गोल्डमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी लेसरचा मारा गोंदणावर करून पाहिला. यामागचे तत्त्व नेमकेपणाने मांडले ते १९८३ मध्ये, अँडरसन आणि पॅरिश यांनी. लक्ष्य शोषून घेईल असाच रंग निवडायचा आणि उष्णता आजूबाजूला पसरण्याआधी प्रकाश थांबवायचा. केसाचे मूळ त्या मानाने मोठे, त्याला काही सहस्रांश सेकंदांचा झोत चालतो. शाईचा कण अतिसूक्ष्म. त्याला काही अब्जांश सेकंदच पुरे! कण एकदम तापून तडकतो. त्याचा भुगा शरीर हळूहळू वाहून नेते, म्हणून दोन बैठकींत काही आठवडे जावे लागतात. थोडी शाई जवळच्या लसिकाग्रंथींत जाऊन बसते, तेव्हा ‘पुसले’ हा शब्द जरा सैलच म्हणायचा.

काळी शाई सगळेच रंग शोषते, म्हणून ती सोपी. तांबड्या शाईला हिरवा प्रकाश लागतो (५३२ नॅनोमीटर), तर हिरव्या शाईला माणिक लेसरचा तांबडा (६९४ नॅनोमीटर). पांढऱ्या केसात मेलॅनिन हे रंगद्रव्य नसते, त्यामुळे त्याच्यापुढे लेसर हतबल ठरतो.

आपल्याकडे खरी अडचण येथेच आहे. मेलॅनिन आपल्या सावळ्या त्वचेतही भरपूर असते. लेसरला शाई कोणती, केस कोणता आणि कातडी कोणती हे कळत नाही. जे प्रकाश शोषील ते तापते. चुकीचा लेसर वापरला तर त्वचा भाजते, डाग पडतात. म्हणून सावळ्या त्वचेवर बहुधा १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर वापरतात. मेलॅनिन तो कमी शोषते आणि तो खोलवर पोहोचतो.

हा झोत डोळ्यांना दिसत नाही, पण नेत्रपटल जाळू शकतो. नुसते डोळे मिटून भागत नाही. त्या त्या तरंगलांबीचा खास चष्मा हवा. हिरव्या लेसरसाठीचा चष्मा अवरक्त लेसरला अडवीलच असे नाही.