फटफटीवरून वावरात : स्वस्तातल्या ब्रिटिश स्क्रॅम्बलरबद्दलचे गैरसमज

यवतमाळ, वणी किंवा पुसदला बुलेटचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे थोडा वेळ बसलं, की एखादा तरी पोरगा मोबाइल पुढे करून विचारतोच, "आपली अशी होईल का?" फोटोत साठच्या दशकातली ब्रिटिश मोटोक्रॉसची गाडी असते. मडगार्ड उंच, टायर मोठ्या गोट्यांचे, सायलेन्सर वर वळलेला, हेडलाइट नाहीच. मिस्त्री म्हणतो, "होईल ना." होतेही, पण पैसे भलतीकडे जातात. इंजिनावर आणि रंगावर खिसा रिकामा होतो. पुढचे शॉकप, चाकं आणि आर.सी. बुक यांचा विचार येतो तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. खर्चाचा हा उलटा क्रम काही पक्क्या गैरसमजांतून येतो.

"खरी ब्रिटिश गाडी म्हणजे बीएसए गोल्ड स्टार. ती इथे कुठून आणणार?"

गोल्ड स्टारचं नाव मोठं आहे, यात वाद नाही. ५०० सीसीची ती गाडी पन्नासच्या दशकात स्क्रॅम्बलच्या, म्हणजे मोटोक्रॉसच्याच, मैदानांवर सर्रास दिसायची. पण ती परदेशातून आणणं हा बजेटचा विषयच नाही. वापरलेल्या गाडीच्या आयातीवरचे निर्बंध, शुल्क आणि भाडं मिळून गाडीच्या किमतीपेक्षा आणायचा खर्च जड होतो.

ब्रिटिश गाडी आपल्या दारातच उभी आहे. बुलेटचा मागच्या चिमट्याचा नमुना रॉयल एन्फिल्डच्या इंग्लंडमधल्या रेडिच कारखान्याने १९४८ मध्ये लोकांसमोर आणला, तो शोरूममध्ये नव्हे, चिखलातल्या ट्रायल स्पर्धेत. मागच्या चाकाला चिमटा आणि तेलाचे शॉकप असणं तेव्हा नवलाचं होतं. त्याच वर्षी इटलीतल्या सॅन रेमोच्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत बुलेटच्या नमुन्यांनी सुवर्णपदकं मिळवली. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराने १९५२ आणि १९५७ मध्ये स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल रॉयल एन्फिल्डवर जिंकली. मद्रासला एन्फिल्ड इंडियाचं काम १९५५ मध्ये सुरू झालं. इंग्लंडमध्ये बुलेट १९६२ च्या सुमारास बंद पडली, इथे ती चालूच राहिली. सत्तर बाय नव्वद मिलिमीटरचं, ३४६ सीसीचं तेच इंजिन आपल्याकडे चार दशकांहून जास्त काळ बनत होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. बुलेटने नाव कमावलं ते ट्रायलमध्ये. ट्रायलमध्ये दगडधोंड्यांतून पाय न टेकवता सावकाश जायचं असतं. मोटोक्रॉसमध्ये सगळ्यांनी एकदम सुटून वेगाने पळायचं असतं. बुलेटचा स्वभाव पहिल्या प्रकाराचा आहे. ढेकळांतून, नाल्यातून हळू चढवायला ती उत्तम आहे. उड्या मारायला नाही.

"सीसी वाढवला की झालं."

यात सर्वांत जास्त पैसे वाया जातात. पाचशेचा ब्लॉक, मोठा कार्ब्युरेटर, शार्प कॅम अशी यादी निघते. इतिहास मात्र उलटा आहे. जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ मध्ये ५०० सीसी गटाचं जागतिक विजेतेपद बीएसएवर जिंकलं, तेव्हा त्याचं इंजिन पूर्ण पाचशेचं नव्हतंच. आधी ४२० आणि मग ४४० सीसीचं होतं, आणि त्याचं मूळ बीएसएच्या साध्या २५० च्या गाडीत होतं. जड गोल्ड स्टार बाजूला ठेवून कारखान्याने हलकी गाडी निवडली आणि ती जिंकली. त्या गटात ब्रिटिश गाडीने मिळवलेलं ते शेवटचं जागतिक विजेतेपद.

हलकेपणाचाही अतिरेक होतो. १९६६ मध्ये त्याच बीएसएने टायटॅनियमची महागडी चेसिस केली. ती लवचीक निघाली, तिला तडे जायचे आणि मैदानावर साध्या वेल्डिंगने ती जोडता येत नसे. आपल्याकडे याची आवृत्ती म्हणजे ड्रिल घेऊन चेसिसच्या नळ्यांना भोकं पाडणारी मंडळी. कृपा करून हे करू नका.

३५० बुलेट साधारण अठरा अश्वशक्तीची आणि एकशे साठ किलोच्या वरची. अठराचे बावीस करायला जेवढे पैसे लागतात, त्याच्या निम्म्यात पंचवीस-तीस किलो वजन उतरतं. लोखंडी मडगार्ड, दोन्ही पेट्या, मधला स्टँड, लेगगार्ड, कॅरिअर, लांब सीट, जड सायलेन्सर हे सगळं फक्त पान्याने निघतं. इंजिनाचं काम करायचंच असेल तर आहे ते नीट करा. ब्लॉक बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन, वॉल्व्ह लॅप करून बसवणं, क्लच प्लेटा, ऑइल पंप, बस्स.

ताकद हवीशी वाटते तिथे खरं तर गिअरिंग हवं असतं. जुन्या बुलेटच्या मागच्या चाकाचं स्प्रॉकेट ब्रेकच्या ड्रमलाच ओतलेलं असतं, त्यामुळे ते बदलणं अवघड. बदलायचं ते गिअरबॉक्सकडचं. ते क्लचच्या मागे असतं, म्हणजे डावीकडचं चेनकेस उघडून क्लच काढावा लागतो. एक-दोन दाते कमी केले की पहिल्या गिअरमध्ये गाडी नांगरटीतून चालते. क्लच उघडलेलाच असतो, तेव्हा प्लेटा त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच लागेल.

"हेडलाइट काढला, गोट्यांचे टायर घातले, झाली मोटोक्रॉस."

इथेच गाडी गॅरेजमध्ये महिनोन्‌महिने उभी राहते. बुलेटचा हेडलाइट ज्या ओतीव ॲल्युमिनियमच्या डोक्यात बसलेला असतो, ते नुसतं लाइटचं घर नाही. पुढच्या शॉकपच्या नळ्या वरच्या बाजूला त्या डोक्यातच आट्यांनी बसतात. ते काढलं की शॉकपला वरून पकडायला काहीच उरत नाही. म्हणजे एक तर ते डोकं ठेवून नुसता लाइट काढून जागा बंद करायची, जे स्वस्त आहे आणि वाईटही दिसत नाही. नाही तर दुसऱ्या गाडीचे पुढचे शॉकप वरच्या-खालच्या प्लेटांसकट बसवायचे. दुसऱ्या मार्गात हँडलच्या बेअरिंगचं माप जुळवायला लेथवाल्याकडे जावं लागतं, आणि तिथे घाई केली तर पुढचं चाक वाकडं धावतं. पहिल्या गाडीला पहिलाच मार्ग बरा.

मागे बुलेटच्या शॉकपचा प्रवास, म्हणजे चाकाची वर-खाली हालचाल, चार इंचही नाही. मूळ ब्रिटिश स्क्रॅम्बलरांचाही फार नव्हता, पुढे सहा-सात इंच, मागे चारेक इंच. आजच्या मोटोक्रॉस गाडीला दोन्हीकडे बारा इंचांच्या आसपास असतो, म्हणून व्हिडिओतल्या उड्या तिच्यावरच शोभतात. लांब शॉकप लावून मागचा भाग उंच करणं हा बजेटमधला लोकप्रिय उपाय, पण चिमट्याचा कोन वाढला की चेन घासते आणि गाडी पुढे झुकते. इंचभर उंची पुरे.

चाकांत मात्र पैसे घाला. जुन्या बुलेटला दोन्हीकडे एकोणीस इंची रिम येते. ब्रिटिश स्क्रॅम्बलरांना पुढे बहुधा एकवीस इंची असायची, कारण मोठं चाक खड्ड्यात कमी पडतं. एकवीस इंची रिम आता आपल्याकडे सहज मिळते. घेण्याआधी हबवरची भोकं आणि रिमवरची भोकं मोजा. ती जुळली नाहीत, तर दुकानदार काहीही म्हणो, ते चाक विणलं जाणार नाही. मागची एकोणीसची तशीच राहू द्या.

आपल्या भागाचा एक खास मुद्दा मडगार्डचा. यवतमाळची काळी माती पावसाळ्यात टायरला चिकटते, तिचा थरावर थर चढतो, मडगार्डात ती गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. ब्रिटिशांनी मडगार्ड उंच लावलं ते मिरवायला नाही, चिखलासाठीच. टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं घाला. ती मोकळी फिरली नाहीत तर जुलैमध्ये गाडी वावरातून ढकलत आणावी लागेल.

दुसरा मुद्दा दगडांचा. बुलेटच्या इंजिनाखाली चेसिसची नळी जात नाही, खालचा दुवा इंजिनच आहे. इंजिन ऑइलही त्याच केसमध्ये असतं. नाल्यातला एक काळा दगड नेमका लागला, तर केस फुटून सगळं ऑइल जमिनीवर येतं. खाली जाड पत्र्याची प्लेट बसवणं हे या गाडीचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम आहे.

"ब्रिटिश इंजिन ऑइल गाळणारच."

गाळणार नाही, नीट बसवलं तर. केसमधला दाब बाहेर सोडणारी ब्रीदरची नळी चोंदली की तो दाब गॅस्केटांतून वाट काढतो. आधी ती साफ करा, मग सिलिकॉन फासा. गळतीचं दुसरं कारण चुकीचे पाने. जुन्या बुलेटवर कितीतरी नट-बोल्ट ब्रिटिश मापाचे असतात, सायकल थ्रेड आणि व्हिटवर्थ. मिलिमीटरचा पाना "जवळपास बसतो" म्हणून लावला की नटाचे कोपरे जातात आणि पुढच्या वेळी छिन्नी लागते. व्हिटवर्थ पान्यांचा जुना संच पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुठल्याही बऱ्या भंगारात मिळू शकतो. गाडीच्या आधी तो घ्या.

याच्याच जोडीचा समज असा, की विलायती लोखंडाचे सुटे भाग आपल्या आडगावात मिळणार नाहीत आणि ते सांभाळणारे हातही नाहीत. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन मूर्तिजापूर-यवतमाळच्या शकुंतला रेल्वेला १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढत होतं, हे या जिल्ह्याने तरी विसरू नये. बुलेटचं तर सोपं आहे. पिस्टनपासून कोन-सेटपर्यंत जवळजवळ सगळं नवं मिळतं. प्रश्न दर्जाचा आहे. दिल्लीच्या करोलबागेतून येणाऱ्या मालात उत्तम आणि टाकाऊ दोन्ही एकाच डब्यात असतात. पिस्टन, बेअरिंग आणि चेन कंपनीचीच घ्या. मडगार्ड आणि लिव्हर कुठलेही चालतील.

फोटोतल्या गाड्यांना कार्ब्युरेटरवर फिल्टर नसतो म्हणून आपणही काढावा, असं वाटणाऱ्यांनी एप्रिलमध्ये मुरमाच्या रस्त्यावर दुसऱ्या गाडीच्या मागे चालवून बघावं. नव्या पिस्टन-ब्लॉकची वाट एका उन्हाळ्यात लागते.

"टू-स्ट्रोक म्हणजे ब्रिटिश नव्हे."

डेव्ह बिकर्सने १९६० आणि १९६१ चं २५० सीसीचं युरोपीय विजेतेपद ग्रीव्ह्ज या ब्रिटिश टू-स्ट्रोकवर मिळवलं. तेव्हा हलकी टू-स्ट्रोक घेतली म्हणून कुणी नाक मुरडू नये. फक्त येझदीला ब्रिटिश म्हणू नका, तिचं घराणं झेक आहे. राजदूत १७५ चं पोलिश.

"डिझेल बुलेटची चेसिस स्वस्तात मिळते, तीच घ्यावी."

इंजिन जाम झालेली टॉरस, म्हणजे डिझेल बुलेट, कुठल्या तरी गोठ्याशेजारी उभी असते आणि मालक ती भंगाराच्या भावात द्यायला तयार असतो. पण आर.सी. बुकात इंधन डिझेल लिहिलेलं असतं. पेट्रोल इंजिन बसवलं की ती कागदावर वेगळीच गाडी होते. घ्यायचीच असेल तर चाकं, हब आणि चिमटा सुटे घ्या.

उलट बाजूने, साठच्या किंवा सत्तरच्या दशकातली, मूळ टाकी-मूळ नंबरांची बुलेट मिळाली तर तिला कापू नका. ती आहे तशीच जास्त मोलाची आहे. स्क्रॅम्बलरसाठी ऐंशी-नव्वदच्या दशकातली, पत्रा गेलेली पण चेसिस सरळ आणि कागद पूर्ण असलेली गाडी शोधा. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त असो, चोरीची निघाली तर ती तुमची डोकेदुखी.

"जुनी गाडी आहे, व्हिंटेजमध्ये पास होईल."

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिच्यात मोठा फेरफार झालेला नसावा. स्क्रॅम्बलर म्हणजे मुळातच फेरफार. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. एकाच गाडीतून दोन्ही साधायचा बेत इथे संपतो.

साध्या नोंदणीवर ठेवायची म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत बदल करायला बंदी आहे, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठासून सांगितलं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण करायला एमएच-२९ च्या कार्यालयात जाल, तेव्हा तिथले निरीक्षक हेडलाइट, इंडिकेटर आणि सायलेन्सर बघणारच. त्यामुळे काढलेला प्रत्येक मूळ भाग गोणीत भरून माळ्यावर ठेवा. बदल पान्याने परत फिरवता येतील असेच करा, वेल्डिंगने नको. आणि भाग उतरवलेली गाडी रस्त्यावर न चालवता 'छोटा हत्ती' टेम्पोत घालून न्या.

कुठे न्या? स्वतःच्या किंवा ओळखीच्या पडीक वावरात, धुऱ्याच्या आत. टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्यं आहेत, आणि बाकीचं राखीव जंगलही खेळाचं मैदान नाही. वाघाचा विषय सोडा, वनरक्षकच आधी भेटेल.

"उजवीकडचा गिअर डावीकडे आणायलाच हवा."

नको. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला असतो. त्या काळच्या ब्रिटिश स्क्रॅम्बलरांचीही रीत तीच होती. तो पलीकडे न्यायला आडवे रॉड आणि सांधे लागतात, ते ढिले होतात आणि ऐन चढावर गिअर चुकतो. इंजिन बंद ठेवून, गाडी स्टँडवर लावून पायांना सवय करा. खऱ्या घाबरण्याच्या क्षणी उजवा पाय ब्रेक समजून खाली जातो आणि गाडी गिअर बदलते, म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या सपाट जागेत, पुढच्या ब्रेकवर दोन बोटं ठेवूनच चालवा.