घोट्यातील कूर्चा आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया



पावसाळ्यात आपल्या रत्नागिरीच्या जांभ्याच्या पाखाड्यांवर शेवाळ धरले की पाय मुरगळणे ही घरोघरची गोष्ट होते. आंबेहळदीचा लेप लागतो, चार-आठ दिवस लंगडत काढले जातात आणि बहुतेकांचा पाय बराही होतो. परंतु काहींचे दुखणे सूज उतरली तरी जात नाही. पाखाडी चढताना घोट्याच्या आत खोलवर ठणकते; क्ष-किरणांच्या चित्रात पुष्कळदा काहीच दिसत नाही; आणि घरची मंडळी मात्र ‘हा उगीच कुरकुरतो’ म्हणू लागतात. अशा कित्येक रोग्यांची कूर्चा दुखावलेली असते. ती एम. आर. आय. तपासणीत दिसते.

नडगीचे हाड ज्या हाडावर टेकते त्याला टॅलस म्हणतात. त्याच्यावर जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचे गुळगुळीत अस्तर असते, तीच कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून जखम झाली तर ती भरून येत नाही. ही गोष्ट विल्यम हंटर यांनी १७४३ सालीच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. गुडघ्यात दुर्बीण घालून पाहण्याचा एक आरंभीचा प्रयत्न टोकियोच्या ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहावर केला. १९३१ मध्ये अमेरिकेतील बर्मन यांनी, घोटा इतका चिंचोळा आहे की तेथे हे साधायचे नाही, असा निर्वाळा दिला. पुढे दुर्बिणी बारीक झाल्या आणि तो निर्वाळा मागे पडला. आता घोट्यापुढे दोन लहान छेद पुरतात.

आत शिरल्यावर करायचे काय, हा खरा प्रश्न. सर्वांत साधा उपाय म्हणजे सुटलेले तुकडे काढून जागा खरवडून साफ करणे. दुसरा, उघड्या हाडाला बारीक छिद्रे पाडणे. त्यांतून रक्त व मज्जा वर येते आणि खड्ड्यात नवे ऊतक धरते. मात्र ते मूळ कूर्चेसारखे नसते. फाटक्या धोतराला गोणपाटाचे ठिगळ लावावे, तसा तो प्रकार. झाकते खरे, पण टिकाऊपणात कमी. तिसरा उपाय, आपल्याच गुडघ्यातून हाडासकट कूर्चेच्या गोट्या काढून घोट्यात बसवणे. येथे खरी कूर्चा मिळते. परंतु पुष्कळदा घोट्याचे आतले हाड कापून वाट करावी लागते, म्हणजे काम केवळ दुर्बिणीचे राहत नाही. शिवाय चांगला गुडघा दुखू लागण्याची शक्यता असते! चौथा, कूर्चेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून परत लावणे. स्वीडनमध्ये १९८७ साली गुडघ्यासाठी याचा आरंभ झाला. यात दोन वेळा शस्त्रक्रिया करावी लागते आणि खर्च मोठा.

मग श्रेष्ठ कोणता? इटलीच्या गोब्बी व सहकाऱ्यांनी २००६ साली ३३ घोट्यांवर पहिल्या तीन उपायांची तुलना प्रसिद्ध केली. पुढे पायाच्या कामगिरीत फरक आढळला नाही. पहिल्या दिवशीच्या वेदना मात्र गोट्या बसवलेल्यांना अधिक होत्या. ३३ ही संख्या थोडीच, तेव्हा यावरून कायमचा निकाल लावणे धाडसाचे. व्यवहारात खड्ड्याचे माप निर्णायक ठरते. व्यास १५ मिलिमीटरच्या आत असेल तर साफसफाई व छिद्रे बहुधा पुरतात. अलीकडे पुष्कळ तज्ज्ञ ही मर्यादा १० च्या आसपास आणतात. खड्डा मोठा असला, खाली हाडात पोकळी झाली असली किंवा पहिली शस्त्रक्रिया फसली असली, तर गोट्यांचा वा पेशींचा विचार करतात. नवे ते उत्तम, असे येथे मानू नये.

कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी बहुधा विश्रांती, आधार आणि व्यायाम यांना काही महिने दिले जातात. नंतरही कित्येक आठवडे पायावर पूर्ण भार टाकता येत नाही. कचेरीतल्या माणसाचे त्यात निभावते. आंब्यावर चढणाऱ्या गड्याचा हंगाम बुडतो. म्हणून खड्डा किती मिलिमीटरचा, हाडात पोकळी आहे काय आणि पाय टेकायला किती दिवस लागतील, हे तीन प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारावेत, आणि शस्त्रक्रियेची तारीख शक्यतो हंगाम उतरल्यावर मागून घ्यावी.