चौथऱ्यावरून उतरलेलं शिल्प

डिसेंबर १९६४मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीन गॅलरीत रॉबर्ट मॉरिसने करड्या रंगाचे प्लायवूडचे काही आकार मांडले. एक छतापासून टांगलेला, एक खोलीच्या कोपऱ्यात तिरका बसवलेला. कोपऱ्यातला बाहेर काढला तर उरणार होती नुसती रंगवलेली फळी. म्हणजे खोलीच शिल्पात सामील झाली होती.

दोन वर्षांनी ज्यूइश म्युझियमच्या ‘प्रायमरी स्ट्रक्चर्स’ प्रदर्शनात कार्ल आंद्रेने भट्टीच्या १३७ विटा एका रांगेत, मसाल्याशिवाय, जमिनीवर मांडल्या. गवंडी ज्याला तयारी म्हणेल, तिथे आंद्रेचं काम पूर्ण झालं होतं. वास्तुकलेच्या दारातून आलेलेही या मंडळींत होते. टोनी स्मिथने फ्रँक लॉईड राइटकडे उमेदवारी केलेली, सोल लेविट आय. एम. पेई यांच्या कार्यालयात ग्राफिक डिझायनर होता.

पण खोली भाड्याची असली की प्रदर्शन संपताच शिल्पाचं तिच्याशी असलेलं नातं तुटतं. हे सगळ्यांत जास्त खुपलं डोनाल्ड जडला. (या मंडळींना चिकटलेलं ‘मिनिमलिस्ट’ हे बिरुद त्याला कधीच मान्य नव्हतं.) १९६८मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या स्प्रिंग स्ट्रीटवरची ओतीव लोखंडाची जुनी पाच मजली इमारत घेतली, आणि पुढच्या दशकात टेक्ससमधल्या मार्फा या गावाकडे मोर्चा वळवला. तिथल्या जुन्या लष्करी तळावर तोफखान्याच्या दोन शेड होत्या; दुसऱ्या महायुद्धात तिथे ठेवलेल्या जर्मन युद्धकैद्यांसाठीच्या सूचना भिंतींवर अजून आहेत. जडने शेडची दारं काढून चौरस काचा बसवल्या, सपाट छपरावर जस्ती पत्र्याची कमान चढवून उंची दुप्पट केली. आत १९८२ ते १९८६ या काळात ॲल्युमिनियमच्या शंभर पेट्या आल्या. बाहेरून सगळ्या एकाच मापाच्या, आतून प्रत्येकीची रचना वेगळी. ऊन सरकतं तशा त्या कधी आरसा होतात, कधी धुरकट पत्रा. माझ्या मते जडचं सर्वांत मोठं शिल्प त्या पेट्या नसून त्या खिडक्या आहेत.

रिचर्ड सेराने मात्र इमारतींशी भांडणच मांडलं. १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात त्याने १२० फूट लांब, १२ फूट उंच पोलादी भिंत आडवी घातली. कचेऱ्यांतली माणसं वैतागली, सुनावण्या झाल्या आणि १९८९मध्ये ती कापून हलवली. ती दुसरीकडे उभारायला सेराने नकार दिला. जागा गेली की शिल्पही गेलं, हे त्याचं म्हणणं. स्पेनमधल्या बिल्बाओला, वास्तुकार फ्रँक गेरीच्या संग्रहालयाच्या इमारतीत, २००५पासून त्याची वळणदार पोलादी शिल्पं कायमची उभी आहेत. तिथे चालणाऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती सेराच्याच असतात. गेरी दिसतो तो मान वर केली तरच.