गावच्या गॅरेजसाठी घरगुती बाईक लिफ्ट: उचलायचं काम जॅकचं, वजन पेलायचं काम पिनचं

गावातलं गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, खाली मातीची नाहीतर कोब्याची जमीन आणि पोत्यावर उकिडवा बसलेला मेकॅनिक. ऑइल बदलणं असो, चेनसेट टाकणं असो, दिवसभर वाकूनच काम. पन्नाशीच्या आत कंबर धरते. पुढचं चाक काढायचं असेल तर इंजिनखाली दगड-विटांचा टेकू लावतात, आणि तो सरकला की गाडी अंगावर येते. बाजारात तयार लिफ्ट मिळते, पण दिवसाला दोन-चार गाड्या येणाऱ्या गॅरेजवाल्याला ती परवडत नाही. म्हणून बरेच जण भंगारातले अँगल-चॅनल आणून वेल्डरकडून लिफ्ट बनवून घेतात. ती कशी बनते आणि कुठे दगा देते, ते बघू.

साचा कसा असतो?

खाली जमिनीवर एक चौकट, वर गाडी उभी करायचा टेबल. दोन्हींच्या मध्ये सारख्या लांबीचे चार हात, दोन पुढे आणि दोन मागे. हात सारखे आणि समांतर असले की टेबल वर जाताना सपाट राहतो. स्प्लेंडरची लांबी सुमारे २ मीटर, म्हणजे साडेसहा फुटांच्या वर. त्यामुळे टेबल ७ फूट लांब आणि २ फूट रुंद धरा. वरच्या पत्र्याला खडबडीत चेकर प्लेट लावा, ऑइल सांडलं तरी पाय घसरत नाही. पुढच्या टोकाला अँगलचा खाचा करा, पुढचं चाक त्यात घट्ट बसलं पाहिजे.

जॅक किती टनी घ्यायचा?

इथे हिशोब चुकतो. स्प्लेंडर प्लस ११२ किलोची आहे, टेबल साधारण ६० किलोचा धरला तर एकूण १७२ किलो. मग १ टनी जॅक रग्गड झाला, असं वाटतं. पण बॉटल जॅकचा दांडा साधारण ६ इंचच वर येतो आणि आपल्याला टेबल २ फूट उचलायचा आहे. म्हणून जॅक हाताच्या बुडाजवळ लावावा लागतो. जॅक ६ इंच सरकला की टेबल २४ इंच वर गेला पाहिजे, म्हणजे जोरही चौपट लागणार, सरासरी ७०० किलोच्या आसपास. हात खाली झोपलेले असताना, म्हणजे अगदी सुरुवातीला, त्याहून बराच जास्त. त्यामुळे जॅक २ टनांपेक्षा कमी नको, ३ टनी असेल तर उत्तम. हात पूर्ण आडवे झोपू देऊ नका, खाली ठोकळा वेल्ड करून थोडा कोन ठेवा.

बॉटल जॅक थोडा कलला तर चालतो. आडवा केला तर बहुतेक जॅक तेलाऐवजी हवा ओढतात आणि उचलत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं: पिन

जॅकच्या आत रबरी सील असतं. ते झिजलं की तेल मागे जातं आणि जॅक हळूहळू बसतो. सील फाटलं तर हळूहळू नाही, एकदम बसतो. म्हणून गाडी जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही.

चौकट आणि हात यांच्यामध्ये तिरका टेकू द्या. त्याला ठरावीक अंतरावर भोकं पाडा आणि १६ एमएमची पिन घाला. टेबल हव्या त्या उंचीला आला की आधी पिन टाका, मग जॅक जरासा सोडा. टेबल पिनवर बसला की वजन लोखंडावर आलं. त्यानंतरच पाना हातात घ्या. असे टेकू दोन्ही बाजूंना हवेत, एकच असला तर टेबल पिळतो.

गाडी आडवी पडू नये म्हणून

गाडी पुढे-मागे कमी, बाजूला जास्त पडते. डबल स्टँडवर असली तरी दोन्ही बाजूंनी पट्टे ताणून टेबलाला बांधा. मागचं चाक काढलं की पुढचा भाग जड होतो, तेव्हा पट्टा ढिला नको. इंजिनखाली वेगळा जॅक लावायचा असेल तर मध्ये लाकडाची फळी ठेवा. ऑइलच्या नटावर जॅक टेकला तर आटे जातात, कधी इंजिनचं केसिंगही तडकतं.

काही जण बोअरची मोटर काढायची तिपाई आणि चेन पुली वापरून गाडीचं पुढचं तोंड उचलतात. जागेवर काम भागतं. पण पट्टा गाडीच्या चेसीला घाला, हँडलच्या टोकांना नको. चेन पुली शेडच्या पत्र्याखालच्या पाइपाला तर अजिबात अडकवू नका, तो पाइप पत्रा पेलायला असतो, गाडी नाही.

आधी युरिया, मग गाडी

लिफ्ट तयार झाली की लगेच गिऱ्हाइकाची गाडी चढवू नका. युरियाची गोणी ४५ किलोची असते. ५ गोण्या टेबलावर ठेवा, २२५ किलो झाले, म्हणजे स्प्लेंडरच्या दुप्पट. बुलेट ३५० चं वजन १९५ किलो आहे. ती चढवणार असाल तर ९ गोण्या लावा, पण मग जॅक, पिन आणि हातही त्या हिशोबाने जाड घ्या. टेबल वर घ्या, पिन टाका, जॅक सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी चारही कोपऱ्यांची उंची टेपने मोजा. एखादा कोपरा खाली आला असेल, वेल्डिंगला केसासारखी चीर असेल किंवा पिन वाकली असेल, तर ती लिफ्ट परत वेल्डरकडे.

लिफ्ट कोब्यावरच ठेवा, पावसाळ्यात ओल्या मातीत चौकट एका बाजूने रुतते. टेबलावर गाडी असताना तिथे वेल्डिंग नको, टाकीत पेट्रोल असतं. शेडमध्ये लहान पोरं खेळत असतील तर काम संपल्यावर टेबल खाली उतरवूनच घरी जा.

मेकॅनिकचं घर त्याच्या दोन हातांवर चालतं. बोटं चेंगरली की महिनाभर शटर बंद. त्यापुढे पिनेचा खर्च काहीच नाही. गावातल्या गॅरेजवाल्याला ही माहिती जरूर पाठवा.