सेंटर कोणतं?

‘सेंटर कोणतं?’ हा प्रश्न बीडमध्ये दहावीच्या विद्यार्थ्याला विचारला, तर तो परीक्षेची शाळा सांगतो. दुकानाच्या पाटीवर ‘सेंटर’ म्हणजे झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, नाहीतर कपड्यांचं दुकान.

दिवाळीच्या सुमारास हाच प्रश्न ऊसतोड कामगाराला विचारला, की उत्तरातून त्याचा पुढच्या पाच-सहा महिन्यांचा संसार कळतो. शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज या भागांतून जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. ऊस वाहून नेण्याच्या पद्धतीवरून त्यांचं सेंटर ठरतं.

‘डोकी सेंटर’मध्ये तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढवायच्या. मोळी घेऊन फळीवरून वर जायचं, तेही अनेकदा बाईनं. वाहन रात्री आलं, तर रात्री उठून भरायचं. तोडीचा फड, म्हणजे उसाचं शेत बदललं, की राहायची कोपी, म्हणजे झोपडीही हलते.

‘गाडी सेंटर’ आणि ‘टायर सेंटर’मध्ये बैलगाडी असते. रबरी चाकांच्या गाडीचं नावच ‘टायर’ पडलं आहे. इथे कोप्या बहुधा कारखान्याजवळ असतात. पहाटे फड गाठायचा, ऊस तोडून गाडी भरायची आणि कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या रांगेत उभं राहायचं.

या तिन्हींत डोकी सेंटर बाईच्या अंगावर सर्वांत जड पडतं. मजुरी मात्र टनावर आणि कोयत्यावर, म्हणजे जोडीला मिळून मोजली जाते. तिच्या कष्टांचा वेगळा हिशेब सहसा कुठे मांडला जात नाही.